फराळानंतर कोणते पुस्तक?

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हाती अद्भुत कादंबरी दिसली की पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘असली पुस्तके वाचून परीक्षेत मार्क मिळतात का?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मार्क मिळत नाहीत, हे मान्य. पण माणसाला मार्कांखेरीज आणखीही काही लागते, आणि ते इथे मिळते. म्हणून पुण्यातल्या वाचनालयांचा एक जुना वर्गणीदार या नात्याने मी चार नावे सुचवतो. वाचावीत मात्र याच क्रमाने.

पहिले नाव नाथमाधवांच्या १९१३ सालच्या ‘वीरधवल’चे. शिकारीच्या वेळी कड्यावरून पडल्यामुळे नाथमाधवांचे कमरेखालचे अंग लुळे पडले होते. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने हजारो वाचकांना अद्भुताच्या मुलुखात फिरवून आणले! भाषा जुनी आहे. पण पन्नास पाने नेटाने वाचा, पुढे पुस्तकच तुम्हांला ओढून नेईल.

दुसरा, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. फुरसुंगीच्या ‘फास्टर फेणे’चे जनक ते हेच भागवत. व्हर्नने १८६५ साली कादंबरीतली माणसे चंद्राकडे धाडली. खरी माणसे तिथे उतरली १९६९ साली. आणि पाणबुडीचा तो गूढ कप्तान नेमो कोण होता, ठाऊक आहे? पुढल्या एका कादंबरीत व्हर्ननेच सांगून टाकले, की तो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला!

तिसरे पुस्तक जयंत नारळीकरांचे ‘वामन परत न आला’. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभी केली. २०२५ साली ते गेले. या कादंबरीत जमिनीच्या पोटात एका लोपलेल्या, अतिप्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो. पुढचे सांगत नाही. माझी नात बारावीत असताना चिरंजीवांनी घरात कादंबरीबंदी पुकारली होती. तरी मी हे पुस्तक तिच्या हाती दिलेच. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती म्हणाली, ‘‘आजोबा, यंत्र आपल्याहून शहाणं झालं, तर त्याला ‘पुरे’ म्हणून सांगणार कोण?’’ चिरंजीव संगणकाच्या कंपनीत नोकरीला. त्यांनी कप खाली ठेवला. पण उत्तर काही सुचले नाही. त्या रात्री पुस्तक त्यांच्या उशाशी होते!

चौथी, थोरांसाठी, जॉर्ज ऑर्वेलची १९४९ साली निघालेली ‘१९८४’. हा लेखक जन्मला आपल्या बिहारात, मोतिहारीला, १९०३ साली. त्याच्या कादंबरीतले सरकार भिंतीवरच्या पडद्यातून माणसांवर पाळत ठेवते आणि भाषेतले शब्दच कमी करत जाते. कारण शब्द नाही तिथे विचारही नाही.

क्रमाचा आग्रह का, ते आता सांगतो. ज्याला आधी जगाचे नवल वाटले, त्यालाच ते जग हातचे जाईल याची खरी धास्ती वाटते. नवल न चाखता नुसते भय वाचले, तर मन कडू होते. आणि नुसत्या नवलावर पोसलेले मन गाफील राहते. मुलांना दोन्ही द्या, पण आधी नवल.

तेव्हा यंदा फराळाची ताटे उचलली की एक प्रकरण मोठ्याने वाचा, आणि ऐन रंगात आले की पुस्तक मिटा. पुढचे प्रकरण मुले आपणहून वाचतील.