भिलाई : पन्नास वर्षे लांबलेली मंजुरी

पोलादाचा कारखाना कोठे उभारावा, हे मुख्यतः वजनाचे गणित असते. एक टन कच्चे लोखंड गाळावयाचे तर दीड टनाहून अधिक खनिज, जवळजवळ तेवढाच दगडी कोळसा आणि बरीचशी चुनखडी झोतभट्टीपाशी आणून टाकावी लागते. शिवाय पाणी हवे, आणि तेही नदीच्या मापाने. यांपैकी एखादी वस्तू फार दूर असली की उत्तम खनिजाचा डोंगरही नकाशावरच राहतो. त्या वेळच्या दुर्ग जिल्ह्यातील दल्ली-राजहरा येथील टेकड्यांच्या वाट्याला नेमके हेच आले.

या टेकड्यांतील लोखंडाची नोंद भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी 1887 मध्ये केली होती. जमशेटजी टाटांचे लक्ष मात्र आधी चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याकडे होते, कारण वरोऱ्याचा कोळसा तेथून जवळ. पण तो कोळसा कोक करण्यास निरुपयोगी ठरला आणि लोहाऱ्याचे खनिजही पुरेसे निघेना. पुढे 1904 च्या सुमारास जमशेटजींचे पुत्र दोराबजी नागपुरास एका अधिकाऱ्याच्या भेटीसाठी गेले असता, वाट पाहता पाहता जवळच्या संग्रहालयात शिरले. तेथील भूस्तरदर्शक नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांना दिसली. रिकामा वेळ इतका सत्कारणी क्वचितच लागत असेल! टेकड्या पाहण्यात आल्या; खनिज अव्वल दर्जाचे निघाले. परंतु कोक करण्याजोगा कोळसा दूर आणि पाण्याची सोय नाही. शेवटी बोस यांनीच कळविलेल्या मयूरभंजच्या खनिजाने टाटांना पूर्वेकडे नेले आणि कारखाना साकचीस, म्हणजे पुढे ज्याला जमशेदपूर हे नाव मिळाले तेथे, उभा राहिला.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत झरियाचा कोळसा काही जवळ आला नाही. तांदुळा नदीवर मात्र धरण झाले, आणि देशही स्वतंत्र झाला. खाजगी कारखानदारास न परवडणारे अंतर राष्ट्राच्या योजनेत बसू शकते, असा विचार आता होऊ लागला. दुर्ग जिल्हा ज्या जुन्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. तेथील मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी या मागास भागासाठी कारखान्याचा आग्रह धरला. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाची योजना होती. यंत्रसामग्रीची किंमत बारा वार्षिक हप्त्यांनी, शेकडा अडीच व्याजाने फेडावयाची होती.

पण करार झाला म्हणजे काम सुरू झाले, असे नव्हते. सोव्हिएत तज्ज्ञांनी सविस्तर प्रकल्प-अहवाल द्यावयाचा आणि भारत सरकारने तो तपासून स्वीकारावयाचा, अशी अट होती. अहवालाला मान्यता मिळाली ती मार्च 1956 मध्ये. चुनखडी नंदिनीची, वीज कोरब्याची आणि पाणी तांदुळ्याचे, अशी एकेक जुळणी झाली. खाणीपर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला. यात दोन गोष्टी सहज नजरेआड होतात. तांदुळ्याचे पाणी मुळात धानाच्या शेतीसाठी अडविलेले होते. आणि भट्ट्या जेथे उभ्या राहिल्या ती जमीन नांगराखालची होती. भोवतालच्या अनेक खेड्यांची शेते या कामी गेली. शेतकऱ्याच्या हाती मोबदला आला, पण शेत गेले ते कायमचेच.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोलाद निघू लागले. 1967 मध्ये कारखान्याची क्षमता पंचवीस लाख टनांवर गेली. देशातील रेल्वेच्या रुळांचा फार मोठा भाग भिलाईतच तयार होत आला आहे.

इतक्या वर्षांच्या खोदकामाने राजहऱ्याचे चांगले खनिज सरत आले. त्याची जागा घ्यावयाची ती उत्तर बस्तरच्या जंगलातील रावघाटच्या खनिजाने. त्या खाणीसाठी लागणारी वनमंजुरी 2009 मध्ये मिळाली. राजहऱ्यापासून तिकडे जाणारा लोहमार्ग मात्र वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनीच पुढे सरकत राहिला. भिलाईपासून राजहरा जितके दूर, त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर रावघाट आहे.