बाळाच्या नाळेला काय लावायचं? नेपाळचं मलम आणि आपल्याकडचं ‘काहीच नको’

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण मित्रांच्या ग्रुपवर हल्ली लग्नांपेक्षा बारशांचे फोटो जास्त येतात आणि एक प्रश्न हमखास येतो: नाळेला काय लावायचं? आजी म्हणते हळद-तेल, काकू म्हणतात पावडर, आणि कुणीतरी अँटिसेप्टिक मलमाचं रील पाठवतं.

आधी नाळेचं समजून घेऊ. बाळ जन्मलं की नाळ चिमटा लावून कापतात. उरलेल्या तुकड्याला रक्तपुरवठा नसतो. तो वाळतो, काळा पडतो आणि साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडतो. पण सुरुवातीचे काही दिवस आतल्या रक्तवाहिन्या पूर्ण मिटलेल्या नसतात. त्यातली एक तर यकृताकडे जाते. तिथे ओल आणि घाण मिळाली की जंतू वाढतात आणि त्याच वाटेने रक्तात शिरू शकतात. तान्ह्या बाळाच्या ते जिवावर बेतू शकतं.

आता त्या मलमाची गोष्ट. नेपाळच्या तराईत, बिहारला लागून सर्लाही जिल्हा आहे. तिथे बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची आणि नाळेला मोहरीचं तेल लावायची पद्धत होती. तिथे सुमारे 15 हजार बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळांची नाळ 4 टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसली, काहींची नुसती कोरडी ठेवली. क्लोरहेक्सिडिनवाल्या बाळांमध्ये नाळेचा गंभीर संसर्ग 75 टक्क्यांनी कमी दिसला. पुढे नेपाळने याचं जेल बनवलं आणि गावोगावच्या महिला आरोग्य स्वयंसेविकांमार्फत ते गरोदर बायकांच्या हातात दिलं.

मग आपणही लावायचं का? थांबा. झांबियातही असाच अभ्यास झाला, 2016 मध्ये त्याचा निकाल आला. तिथे बरीच बाळंतपणं दवाखान्यात होत होती आणि बाळांचे मृत्यू क्लोरहेक्सिडिनमुळे कमी झाले नाहीत. औषध तेच, परिस्थिती वेगळी. आमच्या भाषेत, एका सर्व्हरवरचा फिक्स दुसऱ्या सर्व्हरवर डोळे मिटून टाकायचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा सल्लाही हाच आहे: नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा. जिथे नाळेला शेण वगैरे घातक गोष्टी लावायची पद्धत सर्रास आहे, फक्त तिथेच पहिला आठवडा रोज 4 टक्के क्लोरहेक्सिडिन लावा. महाराष्ट्रात आता बहुतेक बाळं दवाखान्यात जन्मतात आणि घरी येणाऱ्या आशाताईसुद्धा ‘नाळेला काही लावू नका’ असंच सांगतात.

स्वतःच्या मनाने मलम लावण्यात धोकाही आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत हे औषध डोळ्यांचं समजून बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं आणि डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. त्यामुळे डॉक्टरांनी तुमच्या बाळासाठी लिहून दिलं असेल तरच, आणि सांगितलं तसंच वापरा.

मग करायचं काय?

- बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.
- लंगोट किंवा डायपर नाळेच्या खाली दुमडा, म्हणजे शू लागणार नाही आणि हवा लागेल.
- नाळ पडेपर्यंत अंग ओल्या फडक्याने पुसा. नाळ भिजलीच तर स्वच्छ कापडाने अलगद टिपा.
- ओढू नका. नाणं किंवा पट्टा बांधू नका.

पडताना रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. पण बेंबीभोवतीची कातडी लाल होणं, सुजणं, पू किंवा घाण वास येणं, रक्त न थांबणं, ताप, अंग गार पडणं, बाळाने दूध न ओढणं किंवा मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 102 किंवा 108 ला फोन करा.

आणि आजीशी वाद घालू नका. तिला तेल-हळद लावायची असते ती मायेपोटीच. तिला सांगा, “आजी, नाळ पडेपर्यंत लंगोट नीट बांधायचं काम तुझं.” तिच्याइतकं निगुतीने ते दुसरं कोण करणार?

ज्यांच्याकडे पाळणा हलणार आहे त्यांना हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!