शिरवळ ते आगाशिव: न छापलेल्या सहलीचा मार्ग

पुण्याहून कोल्हापूरला निघालेला माणूस शिरवळला चहा घेतो, साताऱ्यात कंदी पेढे बांधून घेतो आणि कराडच्या पुलावरून कृष्णेला हात जोडून पुढं जातो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या या टप्प्यात महामार्गापासून फारशी वाट वाकडी न करता बौद्ध लेण्यांचे किमान तीन समूह पाहता येतात. पण सहलीच्या पत्रकात सातारा जिल्हा म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी, कास आणि ठोसेघर. सांगलीच्या वाट्याला गणपती, औदुंबर आणि नरसोबाच्या वाडीला जाताना घेतलेली हळद. ‘बौद्ध स्थळं, तलाव आणि प्राचीन नगरं’ असा दौरा करायचा म्हटलं की मराठी प्रवासी थेट कोलंबोचं तिकीट काढतो.

गंमत अशी, की त्याच श्रीलंकेत रचलेल्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात महाराष्ट्राचा पत्ता आहे. अशोकाच्या काळातल्या तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर कोणता भिक्खू कोणत्या प्रदेशात गेला याची यादी त्यात दिलेली आहे. तिच्यानुसार महाधम्मरक्खित नावाचे थेर ‘महारट्ठ’ देशात आले. ते कोणत्या घाटानं आले आणि कुठं थांबले, हे ग्रंथ सांगत नाही. लेणी मात्र घाटवाटांच्याच रेषेवर सापडतात. या दौऱ्याची आखणी करायची तर ती देवळांच्या नव्हे, व्यापारी वाटांच्या नकाशावरूनच करावी लागते.

पहिला थांबा शिरवळ. नीरेचं खोरं ओलांडून वरंधा घाटानं महाडकडे उतरणारी जुनी वाट या परिसरातून जाते. गावाजवळच्या डोंगरात पंधरा लेणी आहेत. त्यात एक चैत्यगृह आहे आणि आत साधा, नक्षी नसलेला स्तूप. अजिंठ्याची चित्रं डोक्यात घेऊन येणाऱ्याची इथं निराशा होईल. ही लेणी बुद्धाची मूर्ती घडवण्याची चाल रूढ होण्याआधीच्या परंपरेतली. इथं पूज्य वस्तू म्हणजे स्तूप, आणि बाकी सगळी भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाची सोय.

वाईजवळच्या लोहारे गावातल्या लेण्यांत पाहुण्याला काय सांगायचं, याचा प्रश्न वाटाड्यापुढं पहिल्यांदा उभा राहतो. लेणी आठ. त्यातल्या मुख्य लेण्यातला स्तूप कधीतरी वरून फोडला गेला आणि उरलेल्या भागाची पिंड झाली. आज तिचं नाव पालपेश्वर. तिथं बेल वाहिला जातो, अभिषेक होतो. पुरातत्त्वाच्या पुस्तकात हा ‘विद्रूप केलेला स्तूप’ असतो, तर गावाच्या दृष्टीनं तो जागता देव. दोन्ही विधानं खरी आहेत. यातलं एकच सांगून मोकळा होणारा वाटाड्या अर्धीच सहल घडवतो. स्तूप फुटला ही हानीच, तिच्यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही. पण पूजा चालू राहिली म्हणून या लेण्यात माणसांचा वावर राहिला, झाडलोट झाली, वाट मोडली नाही, हेही नाकारता येत नाही. वाईजवळच्या पांडवगडाच्या लेण्यांना लोकांनी पांडवांच्या खात्यात जमा केलं आणि कराडची लेणी आगाशिवाच्या. नाव गेलं, जागा उरली.

साताऱ्यात लेणं नाही, तरी बौद्ध वाटेवरचा हा सर्वात अलीकडचा आणि बहुधा सर्वात गजबजलेला थांबा आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस महाराष्ट्रात 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याआधी 1896 मध्ये बाबासाहेबांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. त्यांची समाधी शहरात आहे. 1956 नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांसाठी सातारा म्हणजे आधी ही शाळा आणि ही समाधी, मग बाकी सगळं. सातवाहनकाळापाशी थांबणारा वाटाड्या या प्रवाशांच्या काहीच कामाचा नाही.

आता तलाव. श्रीलंकेत अनुराधपूरचा तिस्सा वेव आणि तिथले स्तूप एकाच हिंडण्यात पाहून होतात. राजानं तळं बांधायचं, त्यावर भात पिकवायचा आणि त्या पिकावर विहार पोसायचा, असा तिथला हिशेब होता. आपल्याकडं लेण्यांच्या जोडीला तळी नाहीत, टाकी आहेत. कातळात खोदलेल्या, तोंड लहान आणि पोट मोठं असलेल्या या हौदांत डोंगरावरचं पावसाचं पाणी वळवून आणलेलं असतं. नाशिक-कान्हेरीच्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हणून ज्यांचं दान दिल्याची नोंद येते, ती हीच. एकेका विहाराला वर्षभर पुरेल एवढंच पाणी.

सातारा-सांगलीतले मोठे जलाशय फार उशिराचे आणि निराळ्या गरजांतून झालेले. शिखर शिंगणापूरचा पुष्कर तलाव मालोजीराजे भोसल्यांनी यात्रेकरूंसाठी बांधला. महाबळेश्वरचं वेण्णा तळं साताऱ्याच्या गादीवरच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये बांधवून घेतलं. आज त्यात नाव वल्हवणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णवांना ते निसर्गनिर्मित वाटत असावं. कासचं तळं सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचं. कोयनेचा शिवसागर तर स्वातंत्र्यानंतरचा, विजेसाठीचा.

या सगळ्यांत थांबून पाहावा असा तलाव मात्र पत्रकात कधीच नसतो. माण नदीवरचा राजेवाडीचा, म्हणजेच म्हसवडचा तलाव. 1876-77 च्या दुष्काळानंतरच्या सरकारी कामांतला हा एक. बांध आज सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, फुगवटा साताऱ्याच्या माणमध्ये आणि पाण्याचा मोठा लाभ सोलापूरच्या सांगोल्याकडं. पाटाचं आवर्तन सुटायच्या सुमारास तिन्ही जिल्ह्यांतली माणसं या तलावाबद्दल काय बोलतात, ते ऐकलं की माणदेशाचा भूगोल निराळा शिकवावा लागत नाही. नगराचा शोधही इथं येऊन मिळतो. चौथ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यान मानपूर इथून राज्य करणारं एक राष्ट्रकूट घराणं होतं. ते मानपूर म्हणजे हाच माण परगणा, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. सर्वांना ते पटलं असं नाही, आणि राजधानीचे अवशेष पाहण्याच्या आशेनं इथं येऊ नये.

सांगली जिल्हा मुळात साताऱ्यातूनच निघालेला. 1949 मध्ये तो ‘दक्षिण सातारा’ झाला आणि 1960 मध्ये सांगली. म्हणून देवराष्ट्रे इथं 1913 साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण त्या वेळचे सातारकर. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत ‘देवराष्ट्र’ हा शब्द आहे. व्हिन्सेंट स्मिथनं ते महाराष्ट्र समजलं, पुढं फ्रेंच संशोधक जूव्हो-दुब्राय यानं ते आंध्रच्या किनाऱ्यावर नेलं आणि अभ्यासक बहुतेक त्याच्याच बाजूला गेले. गावच्या नावाशी जोडून सांगायला ही कथा झकास आहे, पण वाटाड्यानं मोह आवरावा. इथं थांबायला शेजारचं सागरेश्वर पुरेसं आहे. डोंगराच्या पायथ्याला जुन्या शिवमंदिरांचा समूह आणि वर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. जवळच्या कुंडलमध्ये झरी पार्श्वनाथाचं लेणं आहे. ते जैनांचं. बौद्ध दौऱ्यात त्याचं काय काम, असं विचारणाऱ्याला एवढंच सांगता येतं की दगड कोरून राहण्याची रीत या डोंगरांत एकाच धर्माची नव्हती. याच कुंडलला लोक क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची राजधानी म्हणतात, आणि गावात विचारलं तर आधी तीच गोष्ट ऐकायला मिळते.

मुक्काम मात्र कराडात हवा. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात, नद्यांच्या जगात तसं क्वचित घडतं. संगमावर यशवंतरावांची समाधी, जवळच पंतांच्या कोटात ‘नकट्या रावळाची विहीर’, आणि नैर्ऋत्येला जखिणवाडीच्या माथ्यावर आगाशिवाचा डोंगर. श्रावणी सोमवारी देवाला गर्दी होते. एरवी पहाटे व्यायामाला चढणारे कराडकर लेण्यांच्या तोंडावरून रोज जातात.

लेणी साठाच्या घरात आहेत, पडक्या कोनाड्यांना लेणं म्हणायचं की नाही यावर आकडा हलतो. साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी असलेल्या बार्टल फ्रियरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्याकडं विद्वानांचं लक्ष वेधलं. पुढं जेम्स बर्जेसनं 1880 च्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं. नक्षी जवळजवळ नाहीच. एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागात स्तंभांवर चक्र आणि सिंह कोरलेले दिसतात, तीच इथली चैन. पण एखाद्या साध्या खोलीत वाकून शिरावं. भिंतीला लागून कातळातच सोडलेला निजायचा ओटा, दाराच्या उंबऱ्यात आणि वर चौकट बसवायच्या खोबणी. लाकूड गेलं, खाच राहिली. दार आतून लावून घेणारं कुणीतरी इथं राहत होतं, हे बोट घालून तपासता येतं. त्यांच्यासाठी खर्च कुणी केला, याचं एक नावही दगडावर आहे: गोपाळाचा मुलगा संघमित्र. राजा नव्हे, सामंत नव्हे. बिरुद लावण्याची त्याला गरज वाटली नाही, किंवा लावायला बिरुदच नव्हतं.

एवढी लेणी पोसणारं गाव लहान नसणार. कराडचं जुनं नाव करहाटक. महाभारतात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात ते येतं. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शके 880 चा ताम्रपट इथं सापडला. बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरिता’त चालुक्य विक्रमादित्य स्वयंवराला येतो तो याच करहाटाच्या शिलाहार राजकन्येच्या, चंद्रलेखेच्या. ही सारी राजेरजवाड्यांची बाजू झाली. व्यापाऱ्यांची बाजू कराडबाहेर शोधावी लागते. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुडे लेणी आहेत. तिथलं एक लेणं महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं दिलं आणि स्वतःची ओळख ‘करहाकडचा’ अशी कोरून घेतली. घाट उतरून, बंदराजवळ जाऊन देणगी देणाऱ्या या लोहवाण्याच्या गिऱ्हाइकांचं जाळं केवढं असेल!

आणि त्याहून लांबची नोंद मध्य प्रदेशातली. 1873 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅमला भरहुतचा स्तूप सापडला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या त्याच्या दगडी कठड्यावर दात्यांची नावं आहेत, आणि त्यांत ‘करहाकट’ एकदा नव्हे, अनेकदा येतं. एक दान तर कुणा व्यक्तीचं नाही, करहाकटच्या निगमाचं आहे, म्हणजे अख्ख्या पेठेनं मिळून दिलेलं. भरहुतच्या कठड्याचा मोठा भाग कनिंगहॅमनं कोलकात्याला हलवला. तो तिथल्या इंडियन म्युझियमच्या भरहुत दालनात उभा आहे. कराडच्या पेठेच्या या वर्गणीची चौकशी करायची तर गाडी तिकडची पकडावी लागेल.