मुक्या जनावराचे औषध आणि घरपोच पार्सल

यंत्रमाग कामगारांत उभी हयात काढलेल्या माणसाने व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे कुत्र्यामांजरांच्या औषधांचा विषय मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय आम्हांला पुस्तकाने दिलेला नाही. सोलापुरातील आमच्या युनियनच्या कचेरीत एक मांजर आहे. कागदपत्रे उंदरांपासून वाचविण्याचे काम ते बिनपगारी करते. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या अंगावर पिसवा झाल्या, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने मानेवर सोडावयाच्या थेंबांची कुपी मोबाईलवरून मागविली. दुकानापेक्षा साठ रुपये स्वस्त पडली. वेष्टनावर चित्र कुत्र्याचे होते. परंतु लहान कुत्र्याचे औषध मांजराला चालावयास हरकत नाही, हा निवाडा आम्हीच दिला आणि पैसेही आम्हीच मंजूर केले.

दुपारी थेंब सोडले. संध्याकाळी मांजराचे कान फडफडू लागले, मग पाय झटकले जाऊ लागले, आणि दिवेलागणीला सर्वांग थरथरत होते. पशुवैद्यांनी आधी वेष्टन मागितले. त्यावरील 'परमेथ्रिन' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "विकणाऱ्यानं कुणासाठी हवं म्हणून विचारलं होतं का?"

परमेथ्रिन हे शेवंतीच्या गोतातील एका फुलात निसर्गतः असणाऱ्या कीटकनाशकाच्या धर्तीवर कारखान्यात बनविलेले द्रव्य. कुत्र्याचे यकृत त्याचे विघटन करून ते बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्या कामाची एक यंत्रणा फार दुबळी असते. द्रव्य अंगात साचते आणि मज्जातंतूंना विसावा म्हणून मिळत नाही. यावर नेमका उतारा नाही. कोमट पाणी व भांडी घासावयाचा पातळ साबण यांनी अंग धुवावयाचे आणि औषधांनी झटके आवरीत राहावयाचे. आमचे मांजर तीन दिवसांनी उठले. सगळीच उठत नाहीत. याच दुबळेपणामुळे आपण ताप आला की सहज घेतो ती पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. तेव्हा मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, आणि कुत्रा म्हणजे लहान गाय नव्हे. आयव्हरमेक्टिनचे गुरांसाठीचे इंजेक्शन एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम ताकदीचे येते. चारशे किलोच्या गाईच्या हिशेबाची ती बाटली दहा किलोच्या कुत्र्यासाठी अंदाजाने वापरली, तर थेंबाची चूकही महागात पडते.

म्हणजे औषधाचा अर्धा भाग बाटलीत असतो आणि उरलेला अर्धा विचारपुशीत. जनावर कोणते, वजन किती, गाभण आहे काय, दुसरे काही चालू आहे काय? दुकानदारही हे सारे विचारतोच असे नाही, हे कबूल. पण त्याचे दुकान उद्याही तेथेच असते आणि त्याला जाब विचारता येतो. मोबाईलवर 'विकत घ्या' एवढे एकच बटण.

कायदा मुका नाही. 1940 चा औषधांचा कायदा व 1945 चे नियम जनावरांच्या औषधांनाही लागू आहेत. 'शेड्यूल एच' मधील औषध चिठ्ठीवाचून विकता येत नाही. जनावराच्या औषधावर पाळीव पशूच्या मस्तकाची खूण आणि 'माणसासाठी नव्हे, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' असा इशारा लागतो. मोबाईलवरील औषधविक्रीसाठी वेगळ्या नियमांचा मसुदा ऑगस्ट 2018 मध्ये निघाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना अशा विक्रीस मनाई केली, आणि मसुदा मात्र वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. कामगार कायद्यांचे मसुदे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे आम्हांला याचे आश्चर्य वाटले नाही.

पट्टा, खाद्य, कंगवा खुशाल घरबसल्या मागवा. गावात पशुवैद्य नसलेल्यास पार्सल ही सोयच आहे, हेही आम्ही नाकारीत नाही. औषध मात्र पशुवैद्याच्या चिठ्ठीवर, आणि ज्याचा पत्ता व परवाना क्रमांक छापलेला आहे अशाच विक्रेत्याकडून घ्यावे. जो चिठ्ठी मागतो तो छळत नाही. जो मागत नाही त्याच्यापासून दूर राहावे. पार्सल आल्यावर मुदत आणि बॅच क्रमांक पाहावा. खाडाखोड दिसली तर सील फोडू नये.

लस तर पार्सलाने मुळीच मागवू नये. रेबीजची लस कारखान्यापासून सुईपर्यंत 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. सोलापूरचा एप्रिल चाळीस अंशांच्या वर जातो. तापून निकामी झालेली लस दिसावयास चांगल्या लसीसारखीच असते. मालक निर्धास्त राहतो, आणि एखाद्या दिवशी तेच कुत्रे गल्लीतल्या पोराला चावते. रेबीजची लक्षणे उमटल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

पार्सले पोचविणाऱ्या मुलांची आम्ही अलीकडे एक बैठक घेतली. पाठीवरच्या पिशवीत काय आहे हे त्यांना ठाऊक नसते. मजुरी खेपेवर, आणि उशीर झाला तर दंड. एखादी वस्तू थंड ठेवा असे कधी कोणी सांगते का, असे आम्ही विचारले. मागे बसलेला एक पोरगा म्हणाला, "केकचं सांगतात, अण्णा. औषधाचं अजून कुणी सांगितलं नाही."