‘वेश्याव्यवसाय’ : कायद्यातील एक व्याख्या आणि तिचे परिणाम

कायद्याची दृष्टी त्याच्या शिक्षेच्या कलमांपेक्षा त्याच्या व्याख्यांतून अधिक स्पष्टपणे प्रकट होते. वेश्याव्यवसायविषयक भारतीय कायदा हे याचे बोलके उदाहरण होय.

मुंबई इलाख्यात या विषयावर १९२३ सालीच कायदा झाला होता. पुढे ९ मे १९५० रोजीच्या न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून संसदेने १९५६ साली सर्व देशासाठी कायदा केला. त्यात वेश्याव्यवसाय म्हणजे स्त्रीने मोबदल्यासाठी अनिर्बंध शरीरसंबंधास आपला देह देणे, अशा आशयाची व्याख्या होती. १९८६ च्या दुरुस्तीने व्यापारी हेतूने व्यक्तींचे होणारे लैंगिक शोषण वा दुरुपयोग, असा तिचा अर्थ ठरविला. पहिल्या व्याख्येत स्त्री ही क्रियेची कर्ती आहे. दुसरीत ती कर्म झाली असून कर्ता अनुक्त राहिला आहे.

शिक्षेची कलमे मात्र या बदलाशी सुसंगत झाली नाहीत. देहविक्रय हे कृत्य स्वतः अपराध नाही. परंतु त्याच्या सभोवतीचे जवळजवळ सर्व व्यवहार अपराध आहेत. सार्वजनिक स्थळी गिऱ्हाइकास खुणावणाऱ्या स्त्रीस आठव्या कलमान्वये शिक्षा होते. म्हणजे व्याख्येत जी शोषित, तीच येथे अपराधी ठरते. दोन स्त्रियांनी परस्परांच्या लाभासाठी एकच खोली वापरली, तर ती खोली कुंटणखाना ठरते. आईच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरील मुलगाही चौथ्या कलमाच्या कक्षेत येतो.

या विसंगतीची किंमत स्वातंत्र्याच्या रूपाने द्यावी लागते. मुंबईतील मालाड येथे पकडलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना, त्या शोषित आहेत म्हणून, त्यांच्या इच्छेविरुद्ध वसतिगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द केला. हा व्यवसाय मुळात दंडनीय नसल्याने सज्ञान स्त्रीस तिच्या संमतीवाचून डांबता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होय. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही, कुंटणखान्यावर छापा पडल्यास स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना अटक वा त्रास होऊ नये, असे निर्देश दिले.

तथापि मूळ व्याख्या तशीच आहे. ‘शोषण’ या शब्दात संमतीस स्थान नाही. त्यामुळे स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीसाठी कायद्यापाशी आजही शब्द नाही. जिच्यासाठी शब्द नाही, तिला प्रत्येक वेळी आपले म्हणणे न्यायालयातच सिद्ध करावे लागते.