पेठची टोळी, दिंडोरीची बाग आणि डेलानोचा संप

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि घाटात रेंज जाते म्हणून हा लिखित भाग वाचणाऱ्यांनाही. आजचा विषय आहे स्थलांतरित मजूर आणि त्यांच्या युनियन. विषय जगाचा आहे, पण सुरुवात मी माझ्या घरापासून करतो.

मी पेठचा. दिवाळीच्या आगेमागे पहाटे आमच्या स्टँडवर या. पिकअप भरत असतात. गोधड्या, पातेली, तांदळाची गोणी, कडेवर पोरं. आमच्याकडे पाऊस धो धो, पण तो उतारावरून वाहून जातो. भात-नागली झाली की शेत रिकामं. मग सावळघाट ओलांडून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागा गाठायच्या. गोडी छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणं, फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी. काम बहुतेक उक्तं, म्हणजे एकराचा भाव ठरतो आणि तो टोळीत वाटला जातो.

माझी मावशी अशाच एका टोळीत आहे. गेल्या हंगामात दोन बागा ठरलेल्या भावाने झाल्या. तिसऱ्या बागेवर मालक म्हणाले, "सुरगाण्याची टोळी कमी घेतेय. जमत असेल तर करा, नाहीतर त्यांना बोलावतो." घरी परत जायचं तर गाडीभाडं अंगावर. टोळीने भाव कमी केला. पुढे एका लग्नात मावशीला सुरगाण्याच्या त्या टोळीतली बाई भेटली. ती म्हणाली, "आम्हाला तर सांगितलं, पेठवाले कमी घेतात!"

मावशी हसत हसत सांगते हे. मला मात्र हसू येत नाही. म्हणून शोधायला लागलो की असं अजून कुठे घडलंय का. आणि सापडलं काय? तीच द्राक्षं!

अमेरिकेत कॅलिफोर्नियात डेलानो नावाचं गाव आहे. तिथल्या बागांत फिलिपिन्सहून आलेले आणि मेक्सिकन असे दोन प्रकारचे मजूर. एकांनी संप केला की बागायतदार दुसऱ्यांना कामावर आणायचे. ८ सप्टेंबर १९६५ ला लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंटची. इटलियाँग यांनी मेक्सिकन मजुरांचे नेते सीझर चावेझ यांना सोबत यायला सांगितलं, आणि १६ सप्टेंबरला मेक्सिकन मजुरांनीही संपात यायचं ठरवलं. पुढे दोन्ही संघटना एक झाल्या.

पुढची लढाई पाच वर्षं चालली. १९६६ मध्ये मजूर डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत, साधारण पाचशे किलोमीटर चालत गेले. डोलोरेस ह्युर्टा आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या लोकांना सांगितलं, ही द्राक्षं विकत घेऊ नका. शेवटी जुलै १९७० मध्ये डेलानोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. तीन वर्षांनी करार संपले तेव्हा बरेचसे हातचे गेलेही. म्हणजे युनियन एकदा झाली की झालं, असं नसतं. तिला दर हंगामात पाणी घालावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कसं जमणार? मालक एक नाही, आज ही बाग, उद्या ती. बरोबर आहे. पण या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलंय. मुंबईतल्या माथाडींनाही एक मालक नव्हता. साताऱ्याकडून आलेले हे लोक, रोज वेगळ्या व्यापाऱ्याची गोणी पाठीवर. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे. व्यापारी मजुरीवर लेव्ही भरतो, त्यातून फंड, बोनस, दवाखाना. आणि गंमत म्हणजे त्यांच्याही गटाला टोळीच म्हणतात!

आपली टोळी मात्र कशातच बसली नाही. स्थलांतरितांसाठी केंद्राने १९७९ मध्ये कायदा केला, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. पेठहून दिंडोरीला जाणारी बाई कुठली हद्द ओलांडते? तालुक्याची! ई-श्रम कार्ड काढा, जरूर काढा. पण ते कार्ड तुमची नोंद करतं, एकराचा भाव ठरवत नाही.

एक गोष्ट मला सतत खटकते. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला गेला. वनजमिनीसाठी पेठ, सुरगाणा, दिंडोरीची माणसं एका रांगेत, पायाला फोड येईपर्यंत चालली. शेतकरी म्हणून आपण एकत्र चालतो. मग मजूर म्हणून बागेत पोचल्यावर एकमेकांचा भाव का पाडतो?

बागायतदार सगळे वाईट, असं मी म्हणत नाही. अवकाळीने घड तडकले की तेही कर्जात जातात. पण भाव पाडायला आपलीच दोन गावं एकमेकांसमोर उभी केली जातात, तेवढं तरी आपण थांबवू शकतो.

त्यासाठी पहिल्याच दिवशी युनियनची पाटी लागत नाही. तुमच्या हातात फोन आहे. भाव ठरला की मालकाशी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रोजच्या हजेरीचा फोटो काढा. आणि गाडीत बसायच्या आधी दुसऱ्या टोळीच्या मुकादमाला एक फोन करा: "तुम्ही काय भाव सांगितलाय?" डेलानोत तरी वेगळं काय झालं होतं? एकाने दुसऱ्याला विचारलं, येता का सोबत?

मावशीने त्या लग्नात सुरगाण्याच्या बाईचा नंबर घेतलाय. परवा मी तो तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. नाव काय टाकू विचारलं, तर म्हणाली, "टाक, आपली टोळी."

तुमच्या गावातून टोळी कुठे जाते, भाव कोण ठरवतं, व्हॉइस मेसेज पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!