ज्याची खावी पोळी

बलाढ्य राष्ट्र म्हटलें कीं तोफा, आरमार आणि विमानें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु एकत्र कुटुंबांत सत्ता कोणाची चालते हें पाहावयाचें झाल्यास काठी कोणाच्या हातीं आहे हें पाहून भागत नाहीं. कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हें पाहावें लागतें. राष्ट्रांची गत याहून फारशी निराळी नाहीं. कौटिल्यानें साम, दान, भेद व दंड असे चार उपाय सांगितले. त्यांपैकीं दंडाचा गाजावाजा फार होतो, पण काम पुष्कळदां दानच करून जातें. या दानाचा अनुभव आपल्या देशानें गेल्या शतकांत स्वतः घेतला आहे.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां युरोप उद्ध्वस्त झाला होता. अमेरिकेचीं शेतें मात्र शाबूत होतीं. तेथील सरकार शेतकऱ्यास भावाची हमी देई, त्यामुळें शिल्लक धान्याचे ढीग वाढत चालले. १९५४ च्या जुलैंत अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं एका कायद्यावर सही केली. पुढें 'पी. एल. ४८०' या नांवानें तो आपल्याकडे घरोघरीं ठाऊक झाला. या कायद्यान्वयें गरजू देशास अमेरिकन धान्य घेतां येई व त्याची किंमत डॉलरांऐवजीं स्वतःच्या चलनांत देतां येई. भारतानें असा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टांत केला. परकीय चलनाची चणचण असलेल्या आपल्या सरकारास तो कल्पवृक्षच वाटला. अमेरिकेचेंही यांत नुकसान नव्हतें. कोठारें हलकीं झालीं, शेतकरी संतुष्ट राहिला, निम्मा माल अमेरिकन जहाजांतूनच जावा या नियमामुळें जहाजवाल्यांस काम मिळालें. उपकार, व्यापार आणि वजन हीं तिन्हीं एकाच पोत्यांत भरलेलीं होतीं.

त्या पोत्याची दोरी किती बळकट आहे हें १९६५ सालीं कळलें. पाऊस फिरला आणि आदल्या वर्षीं सुमारें ८ कोटी ९० लक्ष टन पिकलेलें धान्य ७ कोटी २० लक्ष टनांवर आलें. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडण्याचें आवाहन केलें व कित्येक घरांत सोमवारची चूल संध्याकाळीं पेटेनाशी झाली. पुढच्या वर्षींही पावसानें दगा दिला. १९६६ सालीं सुमारें १ कोटी टन धान्य बाहेरून आणावें लागलें. जहाज बंदराला लागावें आणि त्यांतील दाणा थेट रेशनच्या दुकानावर जावा, अशी स्थिति होती. परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आमच्या पिढीस अद्याप आठवते.

नेमक्या याच वेळीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं दीर्घ मुदतीचे करार बंद करून धान्य थोडथोडें, हात राखून सोडण्याचें धोरण धरलें. भारतानें शेतीकडे लक्ष द्यावें हा त्यांचा एक हेतु होता, व तो अगदींच अयोग्य होता असें म्हणवत नाहीं. परंतु व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवा, असें भारत उघडपणें म्हणत होता. तें त्यांस खुपत होतें, हेंही खरें. ६ जून १९६६ रोजीं जागतिक बँक व अमेरिका यांच्या आग्रहाखालीं रुपयाचें अवमूल्यन झालें. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसांत साडेसात रुपयांचा झाला. एकही गोळी न झाडतां हें घडलें. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपल्या बायका सहज बोलून जातात. राज्यकर्त्यांस ती त्या वर्षीं अनुभवावी लागली.

तथापि दोरी फार आंवळली कीं बांधलेला ती तोडण्याचा विचार करूं लागतो. अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम् यांनीं १९६६ मध्यें मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचें बियाणें आणविलें. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनीं तें पेरलें आणि १९६७-६८ सालीं देशांत सुमारें १ कोटी ६५ लक्ष टन गहूं आला. १९७१ च्या डिसेंबरांत अमेरिकेची एंटरप्राइज ही प्रचंड विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तेव्हां भारत डगमगला नाहीं. पांच वर्षांपूर्वीं पोट त्या देशाच्या दाण्यावर असतांना हें धैर्य कितपत टिकलें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा. पुढें १९७४ च्या फेब्रुवारींत राजदूत मॉयनिहन यांनीं धान्याच्या किंमतीपोटीं सांचलेल्या रुपयांपैकीं १,६६४ कोटींचा धनादेश भारतास परत दिला, व तें प्रकरण मिटलें.

त्या गव्हानें लाखों जीव जगविले, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. उपकार खरा होता. दोरीही खरी होती. आजही प्रकार तोच आहे, वस्तु तेवढ्या बदलल्या. २०२२ सालीं अमेरिका व तिच्या मित्रांनीं रशियाची परदेशांत ठेवलेली सुमारें ३०० अब्ज डॉलरांची गंगाजळी गोठविली, आणि त्याच वर्षीं अमेरिकेनें चीनकडे जाणाऱ्या प्रगत संगणक-चिपांवर निर्बंध घातले. २०२५ सालीं चीननें दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर स्वतःचे निर्बंध घालून आपल्याही हातीं किल्ल्या आहेत हें दाखविलें.

शेजारणीकडून वाटीभर पीठ उसनें आणण्यांत कमीपणा नाहीं. मात्र रोजची कणीकच शेजारच्या घरून येऊं लागली, तर आपल्या घरांतलें बोलणें हळूहळू खालच्या आवाजांत होऊं लागतें. राष्ट्राचा आवाज त्याच्या कोठीपासून सुरू होतो, हें आपल्या मुलाबाळांस सांगून ठेवावें, असें आम्हांस वाटतें.